घराण्यावर कथा-कादंबरी लिहायचीय? आधी आजीचं ऐका, मग सातबारा काढा

आपल्या सातारा-सांगलीकडं घराण्याचा अभिमान नसलेला माणूस सापडणं अवघड. कुणाचे पणजोबा पत्री सरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांनी चालवलेल्या सरकारात होते, कुणाकडं पाटीलकी होती, कुणाचा आज्जा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला. आणि हे सगळं एकदा लिहून काढायचंय असं प्रत्येक घरात एकजण तरी म्हणत असतोच. मग लिहायला बसतात आणि पहिल्या पानावर मूळपुरुष येतो, दुसऱ्या पानावर त्याचे तीन मुलगे, मग त्यांचे मुलगे, आणि दहाव्या पानापर्यंत वीस-बावीस नावं होतात पण ज्याचं पुढं काय झालं असं वाचणाऱ्याला वाटावं असा माणूस एक पण नसतो.

माझं म्हणणं एकच आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावरच उभ्या आहेत. घरात सांगतात ते आणि कागदावर आहे ते जिथं जुळत नाही, तिथं तुमची कादंबरी आहे. कारण तिथं कुणीतरी काहीतरी कारणानं गोष्ट बदलून सांगायला सुरुवात केलेली असते, आणि पुढच्या पिढ्या त्या बदललेल्या गोष्टीवरच 'आम्ही असे' म्हणत वाढलेल्या असतात. मुळात ती का बदलली, बदलल्यामुळं कुणाचं भलं झालं आणि कुणाचं नाव पुसलं गेलं, हे शोधायचं काम कथा-कादंबरी करू शकते. इतिहासाचं पुस्तक तिथवर जात नाही आणि वंशावळ तर नाहीच नाही.

पहिली पायरी: अख्खं घराणं नको, एक गोष्ट धरा

पिढ्यानपिढ्या हातात आलेली एकच गोष्ट निवडा. जमीन असेल, विहिरीतला हिस्सा असेल, धंदा असेल, एखादं नाव असेल, कर्ज असेल, नाहीतर कुणाशी तरी न बोलण्याची घराची शपथ असेल. ती गोष्ट प्रत्येक पिढीच्या हातात गेल्यावर त्या माणसानं तिचं काय केलं एवढंच बघायचं.

उदाहरण म्हणून गलाईवाले घ्या. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभर पांगली, तामिळनाडू, केरळ, बंगाल, कुठं कुठं. आज त्यांची तिसरी पिढी तिकडं वाढतीय, पोरं घरात मराठी बोलतात पण भांडताना तमिळ येते, आणि वर्षातून एकदा यात्रेला गावाकडं येतात तेव्हा गाव त्यांना पाव्हणे म्हणतं. आज्ज्यानं पोटासाठी गाव सोडलं, बापानं त्या पैशातून गावात मोठा बंगला बांधला, आणि नातवाला प्रश्न पडलाय की कुलूप लावलेल्या या बंगल्याचं करायचं काय. बंगला एकच आहे पण तीन पिढ्यांनी त्याच्याकडं तीन नजरांनी बघितलंय, आणि तेवढ्यात अख्खी कादंबरी मावते.

दुसरी पायरी: बोलणं, आणि ते आधी म्हाताऱ्या बायकांशी

घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं की तो घराण्याचा इतिहास सांगतो, म्हणजे चार लग्नांत सांगून सांगून गुळगुळीत झालेला. तो पण लिहून घ्या, पुढं लागतो. पण खरी माहिती आजी, चुलती आणि आत्तीकडं असते. आत्तीकडं जास्तच, कारण ती या घरात जन्मली आणि दुसऱ्या घरात नांदली, तिनं घर आतनं पण बघितलंय आणि बाहेरनं पण.

'आपल्या घराण्याचा इतिहास सांग' असं विचारू नका, म्हातारी म्हणणार मला काय ठावं, तुझ्या आज्ज्याला ठावं. त्यापेक्षा चूल कुठं होती ते विचारा, वाटणी झाली तेव्हा पहिल्या दिवशी वेगळ्या चुलीवर काय शिजवलं, पाणी कुठनं आणायचा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं आणि कोण नाही गेलं, भाकरी नसताना सुकडीवर, म्हणजे दुष्काळात वाटायच्या पिठाच्या खाऊवर कोण राहिलं. 'कोण नाही गेलं' हा प्रश्न फार कामाचा आहे. एकाच घरातली थोरली जाऊ त्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि धाकटीला अब्रू म्हणून घरात ठेवली होती असं कळलं की पन्नास वर्षं जुनी अढी समोर येते.

मोबाईलवर रेकॉर्ड करा पण विचारून करा. आणि एकाच प्रसंगाबद्दल तिघाचौघांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र बसवलं की सगळे कर्त्याच्या हो ला हो करतात.

वंशावळीसाठी अजून एक वाट आहे जी लोक विसरत चाललेत. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आणि सीमाभागात हेळवी येतात, सजवलेला बैल घेऊन दारात उभे राहतात, वहीतनं घराण्याची नावं वाचून दाखवतात आणि नवीन जन्मलेली पोरं वहीत चढवून घेतात. आले तर दोन पायल्या जोंधळे घालून लगेच वाटेला लावू नका, बसवून घ्या, चहा द्या, सगळं ऐका. मूळ गाव कुठलं, तिथनं का निघालो, याच्या आठवणी त्यांच्याकडं असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पण पूर्वजांच्या नोंदी निघतात, गाव आणि आडनाव सांगितलं की शोधून देतात.

तिसरी पायरी: कागद

इथं जरा थांबून सांगतो कारण लिहिणारे लोक नेमकी हीच पायरी गाळतात, त्यांना वाटतं सातबारा म्हणजे तलाठ्याचं काम, साहित्याचा काय संबंध. अहो सातबाऱ्याइतकी नाट्यमय गोष्ट आपल्याकडं दुसरी नाही!

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. साताच्या बाजूला मालकांची नावं असतात आणि फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे नंबर असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ज्यांचा हक्क संपला त्यांच्या नावाला कंस केलेला दिसतो. प्रत्येक कंसामागं एक मरण, एक विक्री नाहीतर एक भांडण असतं. तो फेरफार नंबर घ्या आणि गाव नमुना सहा म्हणजे फेरफार रजिस्टरची नक्कल काढा. तिथं चार ओळीत लिहिलेलं असतं की अमका मयत, वारस अमके, किंवा अमक्यानं तमक्याला इतक्या रुपयांना खरेदी दिली. जुने कागद आता काही ठिकाणी ऑनलाइन दिसतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात.

काय बघायचं ते सांगतो. 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं दिसलं तर ते एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे थोरल्या भावाचं नाव कागदाला लागलं आणि बाकीचे भाऊ नुसते कसत राहिले. गावात याला एकुम्या म्हणतात आणि या एका नोंदीवरनं किती घरं कोर्टात गेली त्याला मोजदाद नाही. 'अ.पा.क.' दिसलं तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेला आणि पोर लहान म्हणून आईचं नाव पालक म्हणून आलं. खूप घरांत त्या बाईचं नाव अख्ख्या दप्तरात एवढ्या एकाच जागी असतं. जुन्या कागदात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको. आणि 'इतर हक्क' हा रकाना कधी सोडू नका. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं सगळं तिथं कोपऱ्यात असतं.

कागद खूप जुने असतील तर मोडी लिपीत असणार. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आलीय, त्यामुळं वाचून देणारा माणूस आता सापडतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, स्वतः शिकलात तर सगळ्यात चांगलं. शाळेचा दाखला, गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, देवळाच्या पायरीवर कोरलेली देणगीदारांची नावं, लग्नपत्रिका, हे पण गोळा करा. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून कुणाचं नाव पहिलं आलं आणि कुणाचं गाळलं यावर आपल्याकडं सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

चौथी पायरी: दोन रकाने

वहीचं पान मधोमध आखा. डावीकडं घरात काय सांगतात, उजवीकडं कागद काय म्हणतो. घर म्हणतं 'आज्ज्यानं माळ स्वतः फोडून रान केलं', फेरफार म्हणतो 1957 नंतर कुळकायद्यानं मिळालं. घर म्हणतं 'आत्तीनं खुशीनं हिस्सा सोडला', हक्कसोडपत्राची तारीख बघितली तर आत्तीचा नवरा वारल्यावर महिनाभरानं तिला ऑफिसात नेलंय.

घाईनं घर खोटं आणि कागद खरा असं धरू नका. कागद पण खोटं बोलतो, तलाठ्याला सांगणारा माणूस कोण होता त्यावर ते असतं. आज्ज्यानं माळ फोडला हे पण खरं असू शकतं, कारण कायद्यानं मिळायच्या आधी वीस वर्षं तोच त्यात राबत होता. लेखकानं न्यायाधीश व्हायचं नाही. दोन्ही बाजू अशा लिहायच्या की वाचणाऱ्याला दोन्ही पटाव्यात आणि त्यामुळंच झोप येऊ नये.

त्या कुळकायद्याचंच घ्या. 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं कायद्यानं मालक ठरली. त्याच्या नऊ वर्षं आधी, गांधीजींच्या खुनानंतर, आपल्या याच भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली आणि कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली. आता एकच शेत घ्या. त्या शेतावर दोन घराण्यांच्या दोन गोष्टी आहेत. कुळाच्या घरात ती न्याय मिळाल्याची गोष्ट म्हणून सांगतात आणि पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमधे तीच गोष्ट घर गेल्याची म्हणून सांगतात, आणि दोन्हीकडची नातवंडं त्या शेतात कधी गेलेली पण नसतात. या दोन नातवंडांची गाठ घालून द्या आणि बघा काय होतंय. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात मोठी न लिहिलेली कादंबरी हीच आहे, आणि ती एका बाजूनं लिहिली तर वाया जाईल.

पाचवी पायरी: मोठा इतिहास किती आणायचा

थोडा. तुमच्या निवडलेल्या गोष्टीला ज्यानं धक्का दिला तेवढाच. 1982 चा गिरणी संप आणायचा तर त्या घरातला माणूस लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत राहत होता आणि संपात परत आला तेव्हा धाकट्या भावानं त्याच्या हिश्श्याच्या रानात ऊस लावलेला होता, असं यायला पाहिजे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आणायचा तर त्यात भिंत पडून जुनी कागदपत्रांची पेटी कशी उघडी पडली ते यायला पाहिजे. प्रति सरकारचं, म्हणजे त्याच पत्री सरकारचं, तर फार जपून. 1943 ते 46 मधे नाना पाटलांच्या मागं अख्खा जिल्हा उभा होता हे खरं, पण त्याच काळात पोलिसांना बातम्या देणारी माणसं पण याच गावांतली होती, त्यांना शिक्षा पण झाल्या, आणि त्यांची पण नातवंडं आज गावात नांदतायत. 'आमचे आज्जे क्रांतिकारक' सांगणारी घरं भरपूर आहेत, पण ज्या घराला हे सांगता येत नाही त्या घरातल्या पोराला शाळेत 15 ऑगस्टला काय वाटतं ते लिहा.

आणि वारशाचं राजकारण समजून घ्यायचं तर आपले दोन्ही जिल्हे त्यावरच उभे आहेत की. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब 1848 मधे वारले, मरताना घेतलेलं दत्तक इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानलं नाही आणि अख्खं राज्य खालसा झालं. त्याच्या आधी 1839 मधे त्यांच्या थोरल्या भावाला, प्रतापसिंहांना, इंग्रजांनी गादीवरनं काढलं तेव्हा प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. आणि सांगली संस्थान 1801 मधे मिरजेतनं वेगळं निघालं ते पटवर्धनांच्या काका-पुतण्याच्या वादातनं. वारस कोण आणि तो ठरवणार कोण, हा प्रश्न राजवाड्यात होता तोच तुमच्या तलाठी कार्यालयात आहे. दत्तकाची गोष्ट तुमच्या घरात असेल तर ती पहिली घ्या. रक्त एका घरचं, नाव दुसऱ्या घरचं, आणि यात्रेत दोन्ही आया एकाच मंडपात, याच्याइतकी तयार परिस्थिती दुसरी मिळणार नाही.

सहावी पायरी: पिढ्या, नावं आणि सांगणारा

तीन पिढ्या पुरे. पहिल्या प्रयत्नात पाच-सहा पिढ्या घेतल्या की माणसं नुसती जन्मतात आणि मरतात.

नावांचा घोळ आपल्याकडं ठरलेला, आज्ज्याचं नाव नातवाला ठेवतात त्यामुळं दोन-दोन दत्तू आणि तीन-तीन कृष्णा होतात. कागदावरची नावं काहीही असोत, गोष्टीत हाकेची नावं वापरा. आबा, तात्या, नाना, थोरली, माळावरची काकी, मुंबईचे अण्णा. वाचणारा चुकत नाही. आणि नातू आज्ज्याचं नाव घेऊन फिरतोय याचा उपयोग करा, त्याला आजी नावानं हाक मारत नाही कारण ते नवऱ्याचं नाव आहे, ती त्याला 'आवो बाळा' म्हणते, एवढ्या एका गोष्टीत वारसा दिसतो.

सांगणारा कोण यावर सगळं अवलंबून. महाभारत सांगणारा व्यास हा स्वतःच धृतराष्ट्र आणि पंडूचा जन्मदाता आहे, म्हणजे तो ज्यांची गोष्ट सांगतोय ती त्याचीच नातवंडं. घरातला माणूस सांगतो तेव्हा त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं, म्हणून गोष्टीला धार येते. त्रयस्थ निवेदक घेतला तर माहिती देणं सोपं जातं पण ती धार कमी होते. मी तर म्हणेन घरात आलेली सून निवेदक करा. तिला काहीच माहीत नाही, तिला सगळं विचारावं लागतं, आणि लग्नात तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहून तिची स्वतःची जुनी ओळख त्याच दिवशी बदललेली असते.

सातवी पायरी: रक्तात आलंय ते दाखवायचं कसं

'हा अगदी आज्ज्यावर गेला' असं लिहिलं की संपलं, वाचणाऱ्याला काहीच करायला उरत नाही. त्याऐवजी सवय दाखवा. आज्जा दुष्काळात ताटात शेवटचा घास ठेवून उठायचा, बाप त्याच घरात पोटभर असताना ठेवतो, आणि पुण्यातल्या हॉटेलात मुलगी तोच घास ठेवते आणि मित्र विचारतो का गं टाकतीस, तिला उत्तर येत नाही. कुठंही 'वारसा' हा शब्द न वापरता काम होतं.

कागद आणि माणूस एका प्रसंगात कसे आणायचे त्याचा नमुना म्हणून हा छोटा तुकडा बघा, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातला, माणसं कल्पनेतली:

"आक्का, हितं सही कर. येतीया न्हवं सही?"

आक्कानं पेन घेतलं. सातवीला केंद्रात पयला नंबर आलावता तिचा, दादा तवा दुसऱ्यांदा नापास झालावता.

"काय लिवलंय वाचू दे की जरा."

"त्यात काय वाचायचंय? वकिलानं बघितलंय सगळं. गाडी थांबलीया भाईर."

आक्कानं तरी वाचलं. पयल्याच ओळीत तिचं माहेरचं नाव होतं, बापाच्या नावासकट. चाळीस वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली न्हवती. वैनीनं पिशवीतनं नवी साडी काढून मांडीवर ठेवली.

"राखी पौर्णिमेला येतीस न्हवं?" दादानं इचारलं.

आक्कानं सही केली. माहेरच्या नावानं.

यात हक्कसोडपत्र हा शब्द नाही, हिंदू वारसा कायदा नाही, महाराष्ट्रानं 1994 ला आणि केंद्रानं 2005 ला मुलींना जन्मानं हिस्सा दिला त्याचं भाषण नाही. पण तारखा तुम्हाला माहीत पाहिजेत, कारण हा प्रसंग 1980 चा असला तर आक्काला आपल्याला काय मिळू शकत होतं हे बहुतेक माहीत नसणार, आणि 2010 चा असला तर माहीत असूनही ती सही करतीय. दोन्ही आक्का वेगळ्या बायका आहेत.

बोली

तीन पिढ्या एकसारख्या बोलल्या तर लेखन पडतं. आजीचं 'न्हाई, कवा, हितं, लई', बापाचं गाव आणि कचेरीचं मिसळलेलं, नातवाचं 'अरे चिल आज्जी'. माण-खटावकडची बोली, कराड-पाटणची आणि मिरज-जतकडची कानडी वास असलेली वेगवेगळी आहे, सगळ्यांना एकच 'ग्रामीण' लावू नका. निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि बोली संवादात, नाहीतर वाचताना दमायला होतं.

जिवंत माणसं

नावं बदला हे झालंच, पण नुसती नावं बदलून भागत नाही, गावात सगळ्यांना कळतं. गाव बदला, धंदा बदला, दोन चुलत्यांचा एक करा नाहीतर एकाचे दोन करा. कोर्टात केस चालू असलेल्या जमिनीवर तर लिहूच नका, निकाल लागेपर्यंत थांबा. जातीचा आणि वतनाचा विषय असेल तर दुसऱ्या बाजूच्या घरात जाऊन बसल्याशिवाय लिहू नका. पाटलाच्या नातवानं महार वतनाबद्दल, म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीबद्दल लिहायचं असेल तर 1958 च्या कायद्यानं ती वतनं रद्द झाली एवढं वाचून पुरत नाही, त्या जमिनी पुढं कुणाच्या नावावर गेल्या ते पण फेरफारात बघायला लागतं, आणि तिथं स्वतःच्या आज्ज्याचं नाव निघालं तर ते गाळायचं नाही.

पहिला खर्डा कुणाला वाचून दाखवायचा

कर्त्या पुरुषाला नको, तो अब्रूचा विचार करणार. आत्तीला वाचून दाखवा, सगळं नको, तिच्यावरचं प्रकरण तेवढं. ती मधेच म्हणणार, असं न्हवतं झालं. तेव्हा वही उघडा आणि डाव्या रकान्यात तिचं म्हणणं आधीच्या म्हणण्याच्या खाली लिहा, आधीचं खोडू नका. मग तिला विचारा की हे तू आजवर कुणाला सांगितलं का नाहीस. ती जे सांगेल तिथनं दुसरा खर्डा सुरू करा.